रेव्हरंड टिळक, घरातून पाहिलेले

आज जरा जुनी गोष्ट सांगायची आहे. शाळेत 'केवढे हे क्रौर्य' ही कविता होती, आठवते? जखमी पक्षिणीची. तिचे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक. लोकमान्य वेगळे बरं का, हे दुसरे टिळक. पुस्तकात त्यांच्या नावाखाली 'फुलांमुलांचे कवी' असं लिहून मास्तर पुढे जायचे. मलाही बरीच वर्षं एवढंच माहीत होतं.

मग हातात आलं 'स्मृतिचित्रे'. लिहिणारी त्यांची बायको, लक्ष्मीबाई. लग्नाच्या वेळी ती जेमतेम अकरा-बारा वर्षांची होती. लिहायला-वाचायला नवऱ्याकडूनच शिकली. आणि पुस्तकभर ती नवऱ्याला काय म्हणते? 'टिळक'! 'आमचे हे' नाही, 'स्वामी' नाही. त्या एका शब्दातच कळतं, की ही बाई आरती ओवाळायला बसलेली नाही.

टिळकांचा जन्म १८६१ चा, कोकणातला, चित्पावन ब्राह्मण घरातला. डोक्यात सतत देव, धर्म, देश. १८९३ च्या सुमारास राजनांदगावला जाताना रेल्वेत एक युरोपियन सहप्रवासी भेटतो, गप्पा होतात आणि तो यांना 'नवा करार' देतो. हे वाचत सुटतात. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने तर त्यांना धरूनच ठेवलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा.

आता जरा थांबा. आपण 'त्याने धाडस केलं' म्हणून टाळी वाजवतो. पण त्या क्षणी बायको सोबत नव्हती. पदरात लहान मुलगा, दत्तू. माहेर असं, की वडिलांच्या सोवळ्यापायी सगळं घर जेरीला आलेलं. त्या काळात नवरा बाटला म्हणजे बायकोने काय करायचं? जिवंत नवऱ्याच्या नावाने रडायचं? लोक तसंच सुचवत होते. त्यानंतरची काही वर्षं दोघं वेगळी राहिली. मला विचाराल तर टिळकांच्या श्रद्धेची किंमत आधी लक्ष्मीबाईंनी मोजली, आणि हे त्यांच्या भक्तांनीही मान्य करायला हवं.

पण गोष्ट तिथे संपत नाही ना. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाई लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्यांचं सोवळं-ओवळं त्यांच्याजवळ, टिळकांची प्रार्थना टिळकांजवळ, छप्पर एकच. जात-पात खरंच देवाने केली का, हा प्रश्न त्यांनी आपला आपण सोडवला आणि मग १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागे ओढल्या गेल्या असं मला तरी वाटत नाही. पाच वर्षं भांडून, रुसून, विचार करून आल्या.

आणि घरातले टिळक कसे? शीघ्रकोपी. न सांगता कुठेही निघून जाणारे. हातात पैसा टिकत नाही, किराण्याला पाठवावं तर भलतंच काहीतरी घेऊन येतील! समोर गरजू दिसला की खिसा रिकामा. अहमदनगरच्या घरात कायम कुणी ना कुणी आश्रयाला. ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, तेही त्या घरात राहिले. आणलेल्या माणसाला जेवायला घालायचं काम अर्थात लक्ष्मीबाईंचं. त्या हे सगळं इतक्या हसत सांगतात, की आपण हसतो आणि मग एकदम गप्प होतो.

देव मात्र टिळकांनी मराठीतच शोधला. ज्ञानोबा-तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे गेले. अभंग लिहिले, भजनं लिहिली, कीर्तनं केली. आजही रविवारी आपल्याकडच्या कितीतरी चर्चमध्ये त्यांची गीतं गातात. १९१७ मध्ये तर मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. पुन्हा घराची घडी विस्कटली, हो!

९ मे १९१९ ला मुंबईत ते गेले. 'ख्रिस्तायन' हे मोठं काव्य अर्धवट राहिलं, दहा-अकरा अध्यायच झाले होते. पुढचे ६४ अध्याय कुणी लिहिले असतील?

लक्ष्मीबाईंनी.

'स्मृतिचित्रे' मिळवून वाचा. आधी बाप्तिस्म्यानंतरची प्रकरणं वाचलीत तरी चालेल. वाचून झालं की मला कळवा, तुम्ही कुणाच्या बाजूने आहात ते. भेटू पुढच्या भागात.