काडीची किंमत

‘त्याला काडीची किंमत नाही,’ असं आपण सहज बोलून जातो. आमच्या घरात मात्र काडीला किंमत होती. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या उपटायच्या, तुरी झोडल्या की तुराट्यांचे भारे बांधायचे. अम्मी ते छपराखाली रचून ठेवायची. एका वर्षी अवकाळी पावसात भारे भिजले आणि महिनाभर घरात धूरच धूर. सरपण मिळवण्याइतकंच ते कोरडं ठेवणंही कठीण, हे तेव्हा कळलं.

हे आठवलं ते हरियाणातल्या पानिपतमुळे. तिथे भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनवण्याचा इंडियन ऑइलचा प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. तंत्रज्ञान आपल्या पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल आज मुख्यतः ऊस, मका आणि तांदूळ यांपासून येतं. म्हणजे गाडीची टाकी माणसाच्या ताटाशी स्पर्धा करते. पेंढा माणूस खात नाही. उत्तरेत तो शेतातच जाळला जातो आणि धूर दिल्लीपर्यंत पोचतो. त्याचंच इंधन झालं तर किती बरं!

काडीतही साखर असते, पण कुलूपबंद. सेल्युलोजच्या धाग्यांना लिग्निनचं कवच असतं. आम्ल आणि वाफेनं ते सैल करायचं, विकरांकडून धाग्यांची साखर करून घ्यायची आणि यीस्ट घालून ती आंबवायची. विज्ञानाला हे जमलं आहे. खरी परीक्षा शेतापासून कारखान्यापर्यंतच्या वाटेवर आहे.

पानिपतचा हिशोब असा : वर्षाला २ लाख टन पेंढा, ३ कोटी लिटर इथेनॉल. म्हणजे रोज सुमारे साडेपाचशे टन पेंढा! कारखाना बारा महिने चालवायचा. पेंढा मात्र भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांमधल्या दोन-तीन आठवड्यांतच उचलायचा. गठ्ठे बांधायचे, वाहून न्यायचे, वर्षभर पावसापासून आणि आगीपासून जपायचे. अम्मीचंच काम, पण डोंगराएवढं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ड्यूपाँट कंपनीनं २०१५ मध्ये मक्याच्या ताटांपासून इथेनॉल काढण्याचा मोठा प्रकल्प उभारला. पैसा होता, शास्त्रज्ञ होते. तरी दोनच वर्षांत तो सोडून देण्याचं ठरलं.

आपणही एकदा पोळलो आहोत. २००३ च्या सुमारास मोगली एरंडाचा गाजावाजा झाला. पडीक जमिनीतून डिझेल पिकेल, असं सांगितलं गेलं. झाडं तगली, पण तसल्या जमिनीत पुरेसं बी धरलं नाही.

म्हणून एवढंच म्हणायचं आहे. पेंढ्याला ‘कचरा’ म्हणू नका. त्यातला काही वाटा मातीचा आहे, काही दावणीचा. आमच्याकडे तर ज्वारीचा कडबा म्हणजे जनावराचं ताट; त्याला हा हिशोब लावू नये. जो पेंढा खरोखर उरतो, तो जरूर न्या; पण गठ्ठ्याचे पैसे वेळेवर द्या. काडीला किंमत आहे, हे कारखान्याला पटलं आहे. आता ती शेतकऱ्याच्या हातावर पडू दे.