तारेचे वेढे, कापसाचा पेळू
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

तीन मिलिमीटर जाडीच्या सळीवर घातलेले तारेचे सहा वेढे आणि त्या वेढ्यांच्या पोटातून ओवलेला कापसाचा पेळू. ई-सिगारेट म्हणजे मुळात एवढंच. चकचकीत डबी, दिवे, आकडे दाखवणारा पडदा, फळांच्या वासाचे द्रव हा सगळा या दोन वस्तूंभोवतीचा पसारा. युरोप-अमेरिकेत गेल्या पंधरा वर्षांत असा एक वर्ग तयार झाला, की ज्यानं हे दोन भाग दुकानातून तयार आणण्याऐवजी स्वतःच्या हातानं करायला घेतले. सुटी तार विकत घ्यायची, तिचे वेढे घालायचे, कापूस भरायचा, कापूस काळा पडला की काढून नवा घालायचा. ज्या उपकरणात हे करता येतं त्याला रिबिल्डेबल ॲटमायझर म्हणतात. भारतात या वस्तूंचं उत्पादन, आयात आणि विक्री कायद्यानं बंद आहे; त्याकडे शेवटी येऊ. आज बोलायचं आहे ते या कसबाबद्दल, आणि त्यातून उघड होणाऱ्या एका गोष्टीबद्दल: झुरक्यात काय येणार, हे ठरतं ते तारेपर्यंत द्रव वेळेवर पोहोचतो की नाही यावर.

कल्पना जुनी आहे. पेनसिल्व्हेनियातल्या बीव्हर फॉल्सच्या हर्बर्ट गिल्बर्टनं १९६३ मध्ये धूर नसलेल्या, तंबाखू नसलेल्या सिगारेटसाठी पेटंटचा अर्ज केला आणि १९६५ मध्ये त्याला पेटंट मिळालं. पण त्या वस्तूला बाजार मिळाला नाही. तो मिळवून दिला चीनमधल्या शेनयांगच्या होन लिक या औषधतज्ज्ञानं. तो स्वतः भरपूर सिगारेटी ओढायचा, आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगानं गेले. २००३ च्या त्याच्या मूळ रचनेत द्रवाचे तुषार करण्यासाठी अल्ट्रासाउंडचा वापर होता. पुढे ती जागा तापणाऱ्या तारेनं घेतली, आणि तारेबरोबर वात आली.

सुरुवातीच्या वाती सिलिका तंतूंच्या होत्या. त्या जळत नसत, पण द्रव सावकाश ओढत. तयार कॉइल, म्हणजे तारेचे वेढे, जळाली की फेकायची आणि नवी आणायची, हा खर्च आणि ही कटकट टाळण्यासाठी लोक स्वतः खटपट करू लागले. ‘जेनेसिस’ नावानं ओळखल्या जाणाऱ्या रचनेत स्टेनलेस स्टीलच्या बारीक जाळीची सुरळी वात म्हणून वापरत. ती जाळी आधी ज्योतीवर लालबुंद करून तिच्यावर ऑक्साइडचा थर आणावा लागे, नाहीतर तार आणि जाळी एकमेकींना चिकटून शॉर्ट होत. जर्मनीतून आलेल्या ‘कायफुन’ या ॲटमायझरनं टाकी आणि हातानं बांधायची कॉइल एकत्र आणली. आणि मग साधा कापूस आला. त्याच्यापुढे सिलिका टिकली नाही.

तारेची गोष्ट विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सुरू होते. अमेरिकेत अल्बर्ट मार्शला १९०६ मध्ये निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट मिळालं. लाल होऊनही न जळणारी ही तार, नायक्रोम, मिळाली आणि विजेचा टोस्टर घराघरांत जाण्याची वाट मोकळी झाली. दुसरी तार स्वीडनची. हालस्टाहामार गावी हान्स फॉन कान्टझॉव्ह यांनी लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांचा मिश्रधातू विकसित केला आणि १९३१ मध्ये कांथल कंपनी उभी राहिली. कांथल तापलं की त्यातलं ॲल्युमिनियम पृष्ठभागावर येऊन ॲल्युमिनाचा, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, पातळ थर धरतं. ॲल्युमिना वीज वाहून नेत नाही. म्हणून या तारेचे वेढे एकमेकांना टेकलेले असले तरी वीज एका वेढ्यातून शेजारच्यात उडी मारत नाही, अख्ख्या तारेतून फिरून जाते. भट्ट्यांसाठी शोधलेला हा गुण या बोटभर उपकरणाच्या कामी आला.

आता हिशेब. २६ गेजची कांथल तार ०.४ मिलिमीटर जाडीची असते आणि तिच्या एका मीटरचा रोध सुमारे ११ ओहम. तीन मिलिमीटरच्या सळीवर सहा वेढे घातले की साडेसहा सेंटिमीटर तार जाते. दोन्ही टोकांचे पाय धरून साडेसात. म्हणजे रोध ०.८४ ओहमच्या आसपास. लिथियम सेलचा ३.७ व्होल्टचा दाब धरला, तर साडेचार अँपिअरच्या थोडा आत प्रवाह वाहतो आणि १६ वॉट उष्णता तयार होते. अशा दोन कॉइल समांतर जोडल्या की रोध निम्मा, प्रवाह आणि उष्णता दुप्पट. जाड तार घेतली की रोध कमी होतो, वेढे वाढवले की वाढतो. हे गणित ओहमच्या नियमाच्या पलीकडे जात नाही. शाळेत कंटाळून सोडवलेला नियम कित्येक तरुणांना पहिल्यांदा इथे कळला.

वेढे घालताना तार सतत ताणून धरावी लागते. हात सैल पडला की वेढे फुगतात. मग सळीसकट कॉइल ॲटमायझरच्या तळावरच्या (डेकवरच्या) खांबांत बसवून स्क्रू आवळायचे, सळी काढून घ्यायची आणि बटण हलकं, थांबूनथांबून दाबायचं. इथे बघण्यासारखं असतं. पहिल्या एक-दोन वेळा कॉइल वेडीवाकडी तापते, एखादा टोकाचा वेढा एकटाच पेटतो. अशा वेळी सिरॅमिकच्या टोकांच्या चिमट्यानं वेढे हलके दाबायचे किंवा त्यांच्यावरून चिमटा फिरवायचा. चिमटा सिरॅमिकचाच हवा, धातूचा चिमटा वीज वाहून नेतो. थोड्या वेळानं ऑक्साइडचा थर नीट धरतो आणि कॉइल मधल्या वेढ्यांपासून दोन्ही बाजूंना सारखी लाल होत जाते. कारागिराचं हात पुसण्याचं समाधान इथे येतं, आणि ते खरं असतं.

तरीही सगळी मदार कापसावर. कापसाचा पेळू कॉइलमधून ओढताना त्यानं किंचित अडखळावं, पण कॉइल वाकू नये. फार घट्ट भरला तर तंतूंमधली पोकळी बंद होते आणि द्रव पुढे सरकत नाही. फार सैल भरला तर द्रव थेंबाथेंबानं गळतो आणि झुरक्याबरोबर तोंडात उडतो. बाहेर राहिलेली दोन शेपटं कात्रीनं कापायची, विंचरून थोडी विरळ करायची आणि टाकीतल्या द्रवाच्या वाटांच्या तोंडाशी ठेवायची. वाट झाकली पाहिजे, पण बुजता कामा नये. मग द्रवाचे थेंब सोडून कापूस पांढऱ्याचा अर्धपारदर्शक होईपर्यंत भिजवायचा. कोरड्या कापसावर बटण दाबलं की तो तिथल्या तिथे करपतो.

आपल्या घरच्या समईची वातही याच केशाकर्षणावर चालते. समईत तेल संपत आलं की वात काजळी धरते, हे प्रत्येकानं पाहिलं आहे. कॉइलमध्ये हेच काही सेकंदांत घडतं. दोन कॉइल मिळून ३३ वॉट उष्णता आणि चार सेकंदांचा झुरका म्हणजे सुमारे १३० ज्यूल. तेवढ्या उष्णतेत ग्रॅमच्या सुमारे दहाव्या भागाइतक्या द्रवाची वाफ होऊ शकते. कापसानं तेवढा द्रव त्या चार सेकंदांत आणून दिला पाहिजे. द्रवात मुख्यतः दोन घटक असतात. प्रॉपिलिन ग्लायकॉल १८८ अंशांना उकळतं, ग्लिसरिन २९० अंशांना. जोवर तारेभोवती द्रव आहे, तोवर तापमान या पट्ट्याच्या फार वर जात नाही, कारण उष्णता उकळण्यात खर्ची पडते. द्रव संपला की ती खर्ची पडायला काही उरत नाही. तार भराभर तापते, कापूस करपतो, ग्लिसरिनचे तुकडे होतात आणि फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात. वेपर, म्हणजे ई-सिगारेट ओढणारी मंडळी, याला ‘ड्राय हिट’ म्हणतात. घशाला तिखट चटका बसतो, तो एकदा बसला की विसरत नाही.

२०१५ मध्ये याच मुद्द्यावर शास्त्रज्ञांमध्ये मोठा वाद झाला. त्या वर्षीच्या जानेवारीत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांचं एक पत्र छापून आलं. ३.३ व्होल्टवर चालवलेल्या उपकरणाच्या वाफेत फॉर्माल्डिहाइड सोडणारी संयुगं त्यांना सापडली नव्हती, ५ व्होल्टवर मात्र भरपूर सापडली. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ती बातमी उचलली. ग्रीसच्या कॉन्स्टँटिनोस फार्सालिनोस यांनी आक्षेप घेतला, की एवढ्या दाबावर त्या उपकरणाची वात कोरडी पडते आणि तो झुरका कोणी माणूस ओढत नाही. त्यांच्या गटानं त्याच वर्षी ‘ॲडिक्शन’ नियतकालिकात प्रयोग मांडला. हातानं बांधायचे दोन ॲटमायझर घेतले. एकात नेहमीची वात, दुसऱ्यात दुप्पट. अनुभवी वेपरांना वेगवेगळ्या वॉटवर ते ओढायला दिले. ९ आणि १० वॉटवर नेहमीच्या वातीच्या ॲटमायझरमध्ये त्यांना कोरडा झुरका लगेच ओळखू आला. दुप्पट वातीच्या ॲटमायझरमध्ये तेवढ्याच वॉटवर तो आला नाही. फॉर्माल्डिहाइडसारख्या ॲल्डिहाइडांचं प्रमाणही कोरड्या झुरक्यात अनेक पटींनी वाढलं होतं. वॉट तेच, फरक फक्त वातीचा.

हा प्रयोग या सगळ्या विषयाचा गाभा आहे. पण त्यातून ‘नीट बांधलं की निर्धोक’ असा निष्कर्ष काढणं चुकीचं आहे, आणि तो निष्कर्ष खूपजण काढतात. चटका ओळखायला अनुभव लागतो. पहिल्यांदा ओढणाऱ्या कॉलेजच्या मुलाकडे तो नसतो. गोड चवीच्या द्रवांतलं सुक्रालोज तारेवर करपून काळा थर धरतं. शिवाय धातू आहेतच. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये बाल्टिमोर परिसरातल्या ५६ वेपरांच्या उपकरणांची तपासणी प्रसिद्ध केली. बाटलीतल्या द्रवापेक्षा तापून आलेल्या वाफेत निकेल, क्रोमियम, शिसं यांचं प्रमाण पुष्कळ जास्त आढळलं. म्हणजे द्रव तारेला शिवून जातो तेव्हा तार आणि भोवतीचे धातूचे भाग त्याला काही ना काही देतात. आणि निकोटिनची सवय लागते ती वेगळीच.

बांधणीच्या शौकाची दुसरी धोक्याची बाजू बॅटरीची. वाफेच्या मोठ्या ढगांची हौस वाढली तशी रोध कमी करण्याची चढाओढ लागली. १८ मिलिमीटर जाडीचा, ६५ मिलिमीटर लांबीचा १८६५० सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट देतो. त्याला ०.१ ओहमची कॉइल जोडली की ४२ अँपिअर प्रवाह मागितला जातो; कित्येक सेल सलग १० ते ३० अँपिअरसाठीच बनवलेले असतात. ज्या साध्या नळीत सर्किट नसतं, नुसतं बटण असतं, त्या ‘मेकॅनिकल मॉड’मध्ये या मागणीला अडवायला काहीच नसतं. २०१९ च्या जानेवारीत टेक्ससमधल्या फोर्ट वर्थमध्ये वेपचा स्फोट होऊन २४ वर्षांचा एक तरुण गेला. कॉइल करायला शिकवणाऱ्या चांगल्या माणसाच्या तोंडी पहिला शब्द ‘ओहम मीटर’ असतो, तो याचसाठी.

कोरड्या झुरक्यावर एक उपायही निघाला. २०१४ मध्ये ओहायोच्या इव्हॉल्व्ह कंपनीनं तापमान ओळखणारं सर्किट आणलं. शुद्ध निकेलचा रोध तापमानाबरोबर ठळक वाढतो. सर्किट तो मोजून द्रव आटत आल्याचं ताडतं आणि वीज कमी करतं. उपाय चांगला होता. बाजार मात्र वेगळ्या दिशेनं गेला. एकदा वापरून फेकायच्या रंगीत नळ्या आल्या, ज्यांत तार आणि वात दोन्ही बंद डबीत. वापरणाऱ्याला वात दिसत नाही, कधी आटली ते कळत नाही, आणि फेकताना लिथियमचा सेलही कचऱ्यात जातो. ब्रिटननं १ जून २०२५ पासून या नळ्यांच्या विक्रीवर बंदी घातली, मुलांमधला प्रसार आणि कचरा ही दोन्ही कारणं देऊन. त्याआधीपासूनच तिथे टाकी २ मिलिलिटरची आणि निकोटिन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपर्यंत, असा नियम आहे. कॉइल हातानं बांधणाऱ्यांना निदान आपण काय ओढतो याची चौकशी करावी लागत होती. फेकायच्या नळीनं ती चौकशीच संपवली, आणि हे नुकसान मोठं आहे.

भारतानं सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश काढला आणि डिसेंबरमध्ये कायदा केला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात बंद झाली. पूर्ण वस्तूच नव्हे, तिचा कोणताही भागही या बंदीत येतो. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठवणीसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लंडनला किंवा न्यू जर्सीला शिकायला गेलेला आपला मुलगा, भाचा, पुतण्या तिकडच्या दुकानातून मित्रांसाठी एखादी ई-सिगारेट किंवा तयार कॉइलचं पाकीट बॅगेत टाकून आणतो, तेव्हा त्याला ही कलमं ठाऊक नसतात. घरातल्या मोठ्यांनी ती त्याला जाण्याआधीच सांगावीत.

आणि जे आज सिगारेट, तंबाखू किंवा वेप सोडायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी: केंद्र सरकारची तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर मोफत आहे. बाहेर पडण्याआधी तो लिहून घ्यावा.