गोराईचा शोमन आणि आपली वसई

कुठे आहात? विरार लोकलमध्ये, एक हात हँडलला, कानात इअरफोन? मग आजचा एपिसोड तुमच्याच लाइनवरचा आहे.

भाईंदरची खाडी आली की पश्चिमेला बघा. खाडीच्या अलीकडे उत्तन-गोराईचं धारावी बेट, पलीकडे आपला वसईचा किल्ला. मधे फक्त पाणी. पण पर्यटनाच्या बाबतीत या दोन काठांचं नशीब फार वेगळं निघालं. त्याला कारण एक माणूस. सुभाष चंद्रा.

हे हरियाणातल्या हिसार जिल्ह्यातले. घरचा धंदा धान्याचा. तांदळाचा व्यापार केला, मग टूथपेस्टला लागणाऱ्या ट्यूब बनवायचा कारखाना काढला. आणि 1989 मध्ये या व्यापाऱ्याने गोराईला एस्सेलवर्ल्ड उघडलं. झी टीव्ही आला 1992 मध्ये, म्हणजे हे सगळं त्याच्याही आधीचं.

जरा विचार करा. बोरिवलीहून समोर दिसतं, पण मधे खाडी, पूल नाही. एक तर बोटीने जा, नाहीतर भाईंदर-उत्तनवरून लांबचा वळसा घाला. अशा ठिकाणी कोणी पाळणे लावेल का? मी त्यांना शोमन म्हणतो ते याचसाठी. जी अडचण होती, तीच त्यांनी गंमत करून विकली. बोटीत पाय ठेवला की पोरांची पिकनिक सुरू! टीव्हीवरच्या जाहिरातीचं गाणं तर असं डोक्यात बसलं, की ज्यांनी पार्क कधी पाहिलं नाही त्यांनाही ते पाठ होतं. 1998 मध्ये शेजारी वॉटर किंगडम आलं.

आमच्या शाळेत सहल म्हटली की दोन गट पडायचे. एक किल्लावाला, एक एस्सेलवर्ल्डवाला. कोण जिंकायचं, सांगायला नको.

आता माझं निरीक्षण सांगतो. या माणसाने आपल्या पट्ट्याला एक सवय लावली. सकाळी निघायचं, पास काढायचा, भिजायचं, जेवायचं, संध्याकाळी घरी. अर्नाळा, राजोडी, कळंब इथले रिसॉर्ट बघा. समुद्र पन्नास पावलांवर, आणि लोक स्लाइडवरून टाकीत उड्या मारतायत! शनिवार-रविवारी विरार स्टेशनबाहेर रिक्षाला जी गर्दी असते, ती बरीचशी याच पिकनिकची. त्यावर कितीतरी घरं चालतात, हे नाकारता येणार नाही.

पण याच माणसाची दुसरी बाजू ऐका. एस्सेलवर्ल्डच्या शेजारी जो सोनेरी ग्लोबल विपश्यना पॅगोडा आहे, त्याची जमीन सुभाष चंद्रांनीच दान दिली. 2009 मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांनी त्याचं उद्घाटन केलं. आतल्या घुमटाला एकही खांब नाही आणि सुमारे 8,000 लोक एकत्र ध्यानाला बसू शकतात. बघायला तिकीट नाही. एका बाजूला रोलर कोस्टरवरची किंचाळी, दुसऱ्या बाजूला मौन!

आणि पुढे काय झालं? कोविडनंतर एस्सेलवर्ल्डचे पाळणे थांबले. पार्क बंद झालं. वॉटर किंगडम मात्र राहिलं, पॅगोडाही राहिला.

मला इथे आपल्या वसई-विरारची गोष्ट दिसते. पार्क बांधता येतं, तसं ते बंदही पडतं. आपल्याकडे जे आहे ते कोणी बांधू शकत नाही. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला किल्ला. हाच किल्ला 2016 मध्ये कोल्डप्लेच्या व्हिडिओत जगाने पाहिला. आणि पॅगोडा बघायला जाणाऱ्यांनो, नालासोपाऱ्यातल्या स्तूपाला किती जण गेलात? 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथे उत्खनन केलं. दगडी पेटीत करंडक आणि बुद्धमूर्ती मिळाल्या. अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही सोपाऱ्यातच सापडले. अख्ख्या प्राचीन बंदराचं गाव आपल्या स्टेशनच्या पश्चिमेला आहे, आणि आपण तिथे फक्त ट्रेन पकडतो.

शोमनकडून पाळणे शिकायचे नाहीत. शिकायचं ते हे, की माणूस घरातून निघाल्यापासून परत जाईपर्यंत त्याचा दिवस कसा जाईल, याचा विचार कोणीतरी करावा लागतो. कसं यायचं, आधी काय बघायचं, जेवायचं कुठे, गोष्ट कोण सांगणार? गोराईला हा विचार एका मालकाने केला. आपल्याकडे मालक नाही. तोटा आहे, आणि फायदाही. कारण दिवस नीट आखला, तर पैसा एका भिंतीच्या आत राहणार नाही. रिक्षावाला, केळीवाला, खानावळवाली मावशी, गोष्ट सांगणारा कॉलेजचा पोरगा, सगळ्यांना थोडा थोडा मिळेल.

फेब्रुवारी 2024 पासून भाईंदर-वसई रो-रो सुरू झाली. म्हणजे बोटीची गंमतही आता आपल्याकडे आहे! तर या रविवारी बाहेरगावच्या एका मित्राला बोलवा. बोटीने किल्ला, मग पापडीत जेवण, संध्याकाळी सोपारा. फोटो तो काढेल. गोष्ट मात्र तुम्ही सांगा. त्यासाठी आधी थोडी वाचून जा, म्हणजे झालं.

कोणाला नेलं आणि त्याने काय विचारलं, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. आणि हो, दारात उभे असाल तर जरा आत सरका!