सभागृहातली आपली खुर्ची

(नाशिकमधील कार्यकर्ता बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कुसुमाग्रज स्मारकातल्या कार्यक्रमांविषयी मी बोलावं, असं संयोजकांनी सांगितलं. यंदाच्या हंगामात आपल्यापैकी आम्ही काही जण तिथे नेमाने जात होतो. कोणत्या दिवशी काय ऐकलं, याचा अहवाल मी देणार नाही. आपण तिथे जायचं का, आणि कोण म्हणून जायचं, एवढंच बोलते.

जागा तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, निदान बाहेरून. गंगापूर रोडवर, आपल्या दूधबाजारातून रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांवर. कुसुमाग्रज प्रतिष्ठान ती चालवतं. तिथल्या विशाखा सभागृहात व्याख्यानं, काव्यवाचन, मैफली, पुस्तक प्रकाशनं होत असतात. फेब्रुवारी-मार्च हा खरा बहराचा काळ. २७ फेब्रुवारी हा तात्यासाहेब शिरवाडकरांचा जन्मदिवस, म्हणजेच मराठी भाषा गौरव दिन. १० मार्च हा त्यांचा स्मृतिदिन. याच दिवसांत प्रतिष्ठानचे पुरस्कारही होतात. एका वर्षी साहित्यासाठीचा जनस्थान, दुसऱ्या वर्षी नाटक, संगीत, चित्रकला, विज्ञान, लोकसेवा अशा क्षेत्रांसाठीचा गोदावरी गौरव.

माझी भाची दहावीला आहे. मराठीत कविता करते आणि वहीच्या शेवटच्या पानांवर लपवून ठेवते. तिला म्हटलं, चल, काव्यवाचन आहे. ती म्हणाली, ''खाला, वहाँ अपन को आने देते क्या?''

मी चमकलेच. तिथे मला आजवर कुणी अडवलेलं नाही. प्रवेश खुला असतो, दारात कुणी नाव विचारत नाही. तरी याच शहरात जन्मलेल्या मुलीला हा प्रश्न पडतो. तो तिच्या मनात कुणी घातला? मला वाटतं, दोन्हीकडच्यांनी मिळून.

आधी पलीकडचं सांगते. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शहरात निबंध वाचला. कुठे, ते सोडून द्या. कार्यक्रम संपल्यावर एक बाई प्रेमाने म्हणाल्या, ''तुमचं मराठी किती छान आहे हो! कुठे शिकलात?'' मी म्हटलं, ''आईच्या मांडीवर आणि भाजीबाजारात.'' त्या हसल्या, मीही हसले. पण ते कौतुक घरी आल्यावर टोचत राहिलं. कौतुक पाहुण्याचं करतात. घरातल्या माणसाला कुणी विचारत नाही की तू हे घर कसं शोधलंस. आपल्याला बोलावणंही बहुधा ईदच्या आसपास येतं, नाहीतर दंगल झाल्यावर, सलोख्यावर चार शब्द बोलायला. कथेवर, नाटकावर, अनुवादावर बोलायला क्वचितच.

आता अलीकडचं, आपलं. मोहल्ल्यातल्या एक बुजुर्ग बाई मला म्हणाल्या, ''वो उनका हॉल है, बेटी.'' हे वाक्य आपणही किती सहज बोलतो! मुशायरा असला की आपण मध्यरात्रीपर्यंत बसतो. मराठी काव्यवाचन म्हटलं की ते 'त्यांचं'. मुलांना मराठी हवं ते दहावी पास होण्यापुरतं आणि सरकारी अर्ज भरण्यापुरतं. मग साहित्यात आपण का दिसत नाही, ही तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

आणि हे 'त्यांचं' म्हणायचं तरी कशाच्या आधारावर? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. लावणीतले सगनभाऊ मुसलमान. बार्शीचे शाहीर अमर शेख संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गावोगाव गायले. हमीद दलवाईंची 'इंधन' १९६५ची. १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं आणि त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्ष होते यू. म. पठाण. ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्या वारशातला आपला हिस्सा कुणी दान केलेला नाही, तो आपल्या माणसांनी लिहून कमावलेला आहे.

जनस्थान पुरस्काराचंच पाहा. १९९१ साली पहिला विजय तेंडुलकरांना मिळाला. २००५मध्ये नारायण सुर्वेंना आणि २००७मध्ये बाबुराव बागुलांना. एक गिरणगावातला अनाथ मुलगा, दुसरा दलित वस्तीतून आलेला. सभागृहाची सवय या दोघांनाही घरातून मिळाली नव्हती. लिहीत राहिले आणि मराठीला आपला परीघ वाढवावा लागला. ज्यांच्या नावाचं हे स्मारक आहे, ते तरुणपणी काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात उतरले होते. बंद दार काय असतं, ते त्या माणसाने पाहिलेलं होतं. इथे तर दार उघडंच आहे.

अडचणी आहेत. २०२५ आणि २०२६, दोन्ही वर्षी १० मार्च रमजानात आला. कार्यक्रम संध्याकाळी, इफ्तारही संध्याकाळी. त्या दिवसांतल्या एका कार्यक्रमाला मी भाचीला घेऊन गेले. पावणेसातच्या सुमारास आम्ही हळूच उठलो, बाहेर पायरीवर बसून खजूर खाल्ला, पाणी प्यायलो. परत आलो तेव्हा गर्दी वाढली होती, पण आमच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. शेजारच्या आजोबांनी एकीवर रुमाल आणि दुसरीवर छत्रीसारखी लांब पिशवी ठेवली होती. म्हणाले, ''रोजा सुटला ना? बसा.'' एवढंच बोलले आणि पुन्हा कवितेकडे वळले. सलोख्यावरचं भाषण त्यांनी केलं नाही, आमच्या मराठीचं कौतुकही केलं नाही. मला ते फार आवडलं.

म्हणून पुढच्या हंगामासाठी तीन गोष्टी सुचवते.

एक, दर महिन्याला एका कार्यक्रमाला आपले निदान पाच जण जातील, त्यात दोन मुली असतील. विषय मुस्लिमांचा नसला तरी जायचं. खरं तर नसला तर जरूर जायचं.

दोन, आपण स्वतः एक संध्याकाळ आखू. शेख महंमदांचे अभंग, सगनभाऊंची लावणी, 'इंधन'मधल्या उताऱ्यांचं वाचन. 'राष्ट्रीय एकात्मता' असं शीर्षक नको. 'मराठी साहित्य' पुरेसं आहे. प्रस्ताव घेऊन रीतसर जाऊ, सभागृहाचं भाडं असेल ते भरू.

तीन, ज्या बायकांना संध्याकाळी बाहेर पडता येत नाही, त्यांच्यासाठी मोहल्ल्यात ग्रंथपेटी आणू. प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना २००९पासून चालू आहे. पुस्तकांची पेटी एका गटाकडे येते, सगळ्यांनी वाचून झाली की बदलून घ्यायची. नाशिकहून निघालेल्या पेट्या दुबईपर्यंत गेल्या. बागवानपुऱ्यात यायला काय हरकत आहे? मागायला मात्र आपल्याला जावं लागेल.

परवा भाचीने मला वही दाखवली. कविता आता पहिल्या पानावरून सुरू होतात. चांगल्या आहेत का? दोन आहेत, बाकीच्यांवर मेहनत हवी. हे मी तिला स्पष्ट सांगितलं. तिला पाहुणी समजले असते, तर सगळ्याच छान म्हटल्या असत्या.