रोटाव्हायरस: निसर्गाचा धडा आणि भारतीय लस



रोटाव्हायरस हा बालकांमधील तीव्र अतिसारास कारणीभूत ठरणारा एक प्रमुख विषाणू आहे. तो संपन्न देशांतील बालकांनाही गाठतो; केवळ शुद्ध पाणी व स्वच्छता त्याला रोखू शकत नाहीत. म्हणूनच लसीचे महत्त्व.

१९८०च्या दशकात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. महाराज किशन भान व सहकाऱ्यांना एक गोष्ट आढळली. काही नवजात बालकांना या विषाणूचा संसर्ग झाला, तरी ती आजारी पडली नाहीत. उलट पुढे तीव्र आजारापासून त्यांना संरक्षण मिळाले. त्याच '११६ई' वाणापासून 'रोटाव्हॅक' ही तोंडावाटे द्यावयाची लस साकारली. दिल्ली, पुणे परिसर व वेल्लोर येथे ६,७९९ बालकांचा समावेश असलेल्या चाचणीत तीव्र रोटाव्हायरस अतिसारापासून सुमारे ५४ टक्के संरक्षण दिसले.

हा आकडा अपुरा वाटेल. परंतु रोगाचा भार मोठा असलेल्या देशात निम्म्याहून अधिक तीव्र आजार टळणे ही मोठी उपलब्धी होय. २०१६ पासून राष्ट्रीय लसीकरणात रोटाव्हायरस लस टप्प्याटप्प्याने समाविष्ट झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'रोटासिल' हीही याच प्रयत्नांचा भाग आहे. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यातील तिन्ही मात्रा प्रत्येक बालकापर्यंत पोहोचविणे, हीच या संशोधनाची खरी कसोटी आहे.