मुकी अक्षरे

(मंडळाच्या वर्धापनदिनी कशेळी येथे केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी जमाखर्च वाचते आणि खाली बसते. यंदा चिटणीसबाईंनी चार शब्द बोलावयाची गळ घातली. मला भाषण येत नाही. घरातली हकीकत तेवढी सांगते.

माझ्या धाकट्या जावेच्या मुलीला जन्मापासून दिसत नाही, हे आपणां सर्वांस ठाऊक आहेच. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या व धडे फोनवर येऊ लागले. फोनमध्ये 'टॉकबॅक' नावाची सोय असते; पडद्यावरचा मजकूर ती मोठ्याने वाचते. पोर हौसेने कान लावून बसली. पण येई तो वहीच्या पानाचा फोटो! त्यातली अक्षरे आपणांस दिसतात; यंत्राच्या लेखी ते नुसते चित्र. गुरुजींना तरी बोल कसा लावावा? त्यांनाही हे कोणी सांगितले नव्हते.

मग रात्री भांडी आवरली की मी धडे फोनवर टंकू लागले. भाषा, इतिहास निभावले. भूगोलाचा नकाशा आला आणि माझी गाडी अडली. नकाशा शब्दांत सांगावयाचा कसा? मी लिहिले, "पश्चिमेला समुद्र, पूर्वेला सह्याद्री, मधली चिंचोळी पट्टी म्हणजे कोकण." पोरीने लगेच विचारले, "काकू, मग आपल्या खाडीच्या कुठल्या अंगाला ठाणे?" एवढा जन्म कशेळीत गेला, तरी मला अंगणात जाऊन सूर्य पाहावा लागला! पुलापलीकडे, दक्षिणेकडे.

दुसऱ्याचे पुस्तक असे टंकणे गुन्हा तर नव्हे, ही धास्ती मला होती. एका वकिलीणबाईंनी ती घालविली. २०१२ साली कॉपीराइटच्या कायद्यात दुरुस्ती झाली. अपंगांना वाचता यावे म्हणून, नफा न घेता, अशी प्रत करता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे तर ठरावीक प्रमाणात अपंगत्व असलेल्या मुलांना अठरा वर्षांपर्यंत पुस्तके व इतर शिक्षणसाहित्य मोफत मिळावयास हवे. त्याच वर्षी 'सुगम्य पुस्तकालय' हे अंधांसाठीचे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झाले.

बरे, दुसऱ्यांना नावे कशाला ठेवा! आपल्याच मंडळाचे हळदीकुंकवाचे निमंत्रण जुन्या मराठी फाँटात होते. पोरीच्या फोनने ते इंग्रजी अक्षरांची खिचडी करून वाचले. ती पोट धरधरून हसली. मजकूर 'युनिकोड'मध्ये हवा, हे तेव्हा कळले. परीक्षा सोपी आहे. पडद्यावरच्या एका शब्दावर बोट दाबून धरावे. तेवढाच शब्द उचलता आला, तर तो मजकूर. नाही तर बहुधा चित्रच. पण उचललेला शब्द दुसरीकडे उतरवूनही पाहावा. जुना फाँट तिथे उघडा पडतो.

पोरीचे विज्ञानाचे दोन धडे अजून राहिले आहेत, त्यांत आकृत्या पुष्कळ. ज्या भगिनींना सवड असेल त्यांनी शनिवारी दुपारी माझ्याकडे यावे. चष्मा मात्र घरी विसरू नये.