किशोरवयीनांचा वारंवार उद्भवणारा सायनसचा विकार : लस आणि प्रतिकारशक्तीचे उपचार
(वार्षिक सभेतील व्याख्यान)



नववी-दहावीतील मूल, चोंदलेले नाक, ठणकणारे कपाळ, बुडालेली शाळा आणि दर खेपेस प्रतिजैविकाच्या नव्या गोळ्या, हे दृश्य आमच्या बाह्यरुग्ण विभागात नित्याचे आहे. अशाच एका मुलाला मी स्वतः दोन वर्षे औषधे लिहून देत होतो. एके दिवशी त्याची आजी सहज म्हणाली, ‘ह्याला लहानपणी तीनदा न्यूमोनिया झाला होता, कानही सारखा वाहायचा.’ हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारावयास हवा होता.

पुष्कळ मुलांच्या मुळाशी ॲलर्जी असते. सोलापुरात यंत्रमागाच्या सुताची धूळ आहे, पावसाळ्यानंतर माजणारे गाजरगवत आहे. नाकाचे अस्तर सुजले, की सायनसची बारीक तोंडे बंद होतात व आत जंतू वाढतात. ॲलर्जीच्या पदार्थाची सूक्ष्म मात्रा हळूहळू वाढवीत देण्याची पद्धत १९११ साली लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी मांडली. हा उपचार तीन ते पाच वर्षे चालतो. ॲलर्जी त्याने पुष्कळदा आटोक्यात येते. जंतुसंसर्ग किती टळतो, याबद्दल मात्र मी मोठे आश्वासन देणार नाही.

लसीबद्दलही तेच. न्यूमोकॉकसची लस शासकीय कार्यक्रमात २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ मध्ये देशभर आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची स्वदेशी लस डिसेंबर २०२० मध्ये उपलब्ध झाली. म्हणजे आज दहावीत असलेल्या बहुतेक मुलांना ती बालपणी मिळालेलीच नाही. तिचा मुख्य उद्देश न्यूमोनिया व मेंदूज्वर रोखणे हा आहे; सायनसला होणारा लाभ आनुषंगिक. पंचगुणी लसीतील हिबचा घटक तर ‘बी’ प्रकाराच्या जंतूपुरताच. सायनसमधील हिमोफिलस बहुधा त्या प्रकारचा नसतो. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते.

आता त्या मुलाकडे येतो. रक्ततपासणीत त्याच्या शरीरात प्रतिपिंडे जवळजवळ नव्हतीच. १९५२ साली अमेरिकेत डॉ. ब्रुटन यांनी आठ वर्षांच्या एका मुलात हाच दोष प्रथम ओळखला व गॅमा ग्लोब्युलिनची इंजेक्शने दिली. आजही उपचार मूलतः तोच आहे. हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून काढलेली ही प्रतिपिंडे शिरेतून साधारणतः दर तीन-चार आठवड्यांनी द्यावी लागतात, बहुधा आयुष्यभर. मात्रा वजनावर ठरते. मूल वाढते तसा खर्चही वाढतो. एखादा महिना चुकला, तर संसर्ग दारात उभाच असतो. देणगीदारांनी ही गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी : येथे एकदाच दिलेली मोठी रक्कम पुरत नाही, नियमितपणा लागतो. अशा दोषांच्या विशेष तपासण्या मुंबईत, के.ई.एम.च्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत होतात.

असे रुग्ण विरळा असतात. प्रत्येक सर्दीला ही तपासणी नको. मात्र न्यूमोनिया, वाहता कान आणि सायनस एकाच मुलात पुनःपुन्हा दिसले, तर साधी प्रतिपिंडांची तपासणी अवश्य व्हावी. आणि डोळ्याभोवती सूज आली, तर उद्याची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

पालकांनी पुढील भेटीस येताना लसीकरणाचे जुने कार्ड सोबत आणावे. ते हरवले असेल, तर आजीला आणावे.